एका डिस्कवर किती तास?

लग्नाच्या व्हिडिओत एक क्षण असा येतो, की तिथे घरी केलेली डीव्हीडी हमखास फुटते. शेवटचे मंगलाष्टक संपते, अंतरपाट दूर होतो, मांडवभर अक्षता उडतात, त्याच सेकंदाला फोटोग्राफरचा फ्लॅश चमकतो आणि वधूवरांच्या चेहऱ्यांच्या जागी पडद्यावर चौकोनी ठिगळे दिसू लागतात. मूळ कॅसेटवर हाच प्रसंग जरा धूसर असेल, रंग पसरलेले असतील, पण चित्र सलग होते. डिस्कवर आले आणि त्याचे तुकडे झाले. मग कोणी कोऱ्या डिस्कला बोल लावतो, कोणी प्लेअरला, कोणी सॉफ्टवेअरला. पुढच्या वेळी सेटिंग्जच्या खिडकीत ‘बेस्ट क्वालिटी’वर खूण केली की काम झाले, असे वाटते. बहुतेक वेळा काहीच सुधारत नाही, कारण चित्राचा दर्जा ठरवणारा सर्वांत मोठा निर्णय त्या खिडकीत घेतलाच जात नाही. एका डिस्कवर किती तास भरायचे, हा तो निर्णय. आणि खिडकी उघडण्याआधीच तो होऊन गेलेला असतो. बाकीची सेटिंग्ज बिनमहत्त्वाची नाहीत. काही तर अशी आहेत, की चुकली तर अख्खी डिस्क वाया जाते. पण इथे झालेली चूक त्यांतल्या एकालाही भरून काढता येत नाही.

हिशेब साधा आहे आणि एकदा तरी स्वतः करून पाहावा असा आहे. साध्या एकपदरी डीव्हीडीवर ४.७ जीबी, म्हणजे ४७० कोटी बाइट मावतात. संगणक हाच आकडा ४.३७ च्या आसपास दाखवतो, कारण तो गिगाबाइट वेगळ्या मापाने मोजतो. डिस्क कमी भरलेली नसते. एका बाइटचे आठ बिट, म्हणजे एकूण ३,७६० कोटी बिट. मेनू, चित्र आणि आवाज एकत्र गुंफताना खर्च होणारी जागा आणि डिस्कच्या कडेला मोकळी ठेवायची थोडी पट्टी यांसाठी शेकडा पाच बाजूला काढले, की हाती साधारण ३,५७० कोटी उरतात. ही आपली शिदोरी. तिला कार्यक्रमाच्या सेकंदांनी भागायचे. येईल तो बिटरेट, म्हणजे एका सेकंदाच्या वाट्याला आलेले बिट. दोन तासांचे ७,२०० सेकंद, म्हणून सेकंदाला सुमारे ४९ लाख ६० हजार बिट. त्यातून आवाजाचे सव्वादोन लाख वजा केले, की चित्रासाठी सत्तेचाळीस लाखांच्या आसपास राहतात. दीड तासाला हाच आकडा ६४ लाखांच्या जवळ जातो, तीन तासांना ३१ लाखांवर येतो आणि चार तासांना साडेबावीस लाखांवर घसरतो. डीव्हीडीच्या नियमानुसार चित्राची कमाल मर्यादा ९८ लाख आहे. तासाभराचा कार्यक्रम असेल तरच आपण तिच्या जवळपास जाऊ शकतो. टीव्हीशेजारी ठेवायच्या डीव्हीडी रेकॉर्डरवर एक्सपी, एसपी, एलपी असे पर्याय असत, तेही याच भागाकाराला दिलेली नावे होती: एक तास, दोन तास, चार तास.

पण सत्तेचाळीस लाख पुरेसे की अपुरे, हे नुसत्या आकड्यावरून कळणार नाही. त्यासाठी चित्र दाबून साठवणारा प्रोग्रॅम, म्हणजे एन्कोडर, हे बिट खर्च कसे करतो ते पाहायला हवे. आपल्याकडच्या पाल पद्धतीत डीव्हीडीची एक फ्रेम ७२० × ५७६ पिक्सेलची असते आणि सेकंदाला अशा २५ फ्रेम लागतात. काहीही न दाबता, फक्त रंगाची माहिती डीव्हीडीत असते तितकी विरळ ठेवून हे साठवायचे म्हटले, तर सेकंदाला बारा कोटींहून अधिक बिट लागतील. म्हणजे दोन तासांच्या डिस्कमध्येही पंचवीस हिश्श्यांतला जेमतेम एक हिस्सा टिकतो. हे साधणारे तंत्र म्हणजे एमपेग-२. ते दोन युक्त्या वापरते. पहिली युक्ती एका फ्रेमच्या आतली. चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे छोटे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनातला प्रकाशाचा चढउतार लहानमोठ्या लहरींच्या रूपात मांडायचा आणि डोळ्याला फारशा न जाणवणाऱ्या बारीक लहरी ढोबळ करून टाकायच्या. या मांडणीचे गणित, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. छायाचित्रांची जेपेग फाइलही त्यावरच उभी आहे. घराघरांतली छायाचित्रे आणि चित्रफिती ज्या गणितावर चालतात, त्याच्याशी ही तीन नावे जोडलेली आहेत आणि ती आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहेत, याची खंत वाटते.

दुसरी युक्ती फ्रेम-फ्रेममधली. एक फ्रेम पूर्ण साठवायची आणि त्यानंतरच्या फ्रेमांमध्ये काय हलले, काय बदलले एवढेच नोंदवायचे; पालमध्ये असा गट जास्तीत जास्त १५ फ्रेमांचा असतो, मग पुन्हा एक पूर्ण फ्रेम येते. स्वागतसमारंभात कॅमेरा तिवईवर असेल, मागचा पडदा आणि खुर्च्या जागच्या जागी असतील, तर ही युक्ती फार स्वस्तात पडते. अक्षता मात्र तिला पुरत्या निष्प्रभ करतात. शेकडो दाणे, प्रत्येकाची दिशा वेगळी, आधीच्या फ्रेममध्ये नसलेले आणि पुढच्या फ्रेममध्ये भलत्याच ठिकाणी गेलेले. फ्लॅश चमकला, की सगळ्या चित्राचा उजेडच बदलतो आणि मागच्या फ्रेमवरून काही अंदाज बांधता येत नाही. एन्कोडरला त्या क्षणी एकाएकी पुष्कळ बिट हवे असतात. ते नसले, की तो चौकोनांमधला तपशील टाकून देतो आणि चौकोनांच्या कडा तेवढ्या उघड्या पडतात. मिरवणुकीतला गुलाल, पैठणीच्या जरीची चमचम, पाण्यावरचे ऊन हीदेखील याच जातीची. आणि सगळ्यांत खर्चिक असतो तो जुन्या कॅसेटवरचा मुंग्यांसारखा वळवळणारा खरखराट. तो प्रत्येक फ्रेममध्ये नवा असतो. आपल्याला तो नको असतो, पण एन्कोडरला ते कसे कळणार? जरीच्या काठाइतक्याच निष्ठेने तो खरखराटही जपू पाहतो. म्हणूनच घरगुती चित्रीकरणाला व्यावसायिक चित्रपटापेक्षा अधिक बिट लागतात, कमी नाहीत. ‘घरचेच तर आहे, चार तास बसवा’ हा हिशेब मुळातूनच उलटा आहे.

व्हीसीडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना एक तुलना चटकन पटेल. व्हीसीडीत चित्राला सेकंदाला साडेअकरा लाख बिट मिळत, पण फ्रेम फक्त ३५२ × २८८ ची होती, डीव्हीडीच्या फ्रेमच्या एक चतुर्थांशाहूनही किंचित लहान. भागाकार केला तर दर पिक्सेलला सुमारे ०.४५ बिट येतात. आता दोन तासांच्या डीव्हीडीचे सत्तेचाळीस लाख तिच्या पिक्सेलांत वाटून पाहा: तेही ०.४५ च्याच घरात. तीन तासांना ०.३०, चार तासांना ०.२२. या तुलनेत एक उणीव आहे आणि ती मान्य करायला हवी. मोठ्या फ्रेममध्ये शेजारचे पिक्सेल एकमेकांसारखे असतात, शिवाय एमपेग-२ हे व्हीसीडीच्या एमपेग-१ पेक्षा अधिक हुशार आहे. त्यामुळे तेवढ्याच वाट्यात डीव्हीडी उजवी दिसते. तरीही व्हीसीडीवरचे हाणामारीचे प्रसंग कसे फुटत ते आठवले, तर पूर्ण फ्रेमसाठी दोन तास ही चैन नसून शेवटची पायरी आहे हे ध्यानात येईल. चार तासांवर तर प्रत्येक पिक्सेलला व्हीसीडीच्या निम्म्यानेच मिळते. एकवीस इंची जुन्या टीव्हीवर हे खपून जाई. आज तीच डिस्क त्रेचाळीस इंची सपाट पडद्यावर लागते आणि प्रत्येक ठिगळ दिसते.

इथे कोणी विचारेल, की मुंजीपासून सत्यनारायणापर्यंत तीन तासांचे चित्रीकरण एकाच व्हीएचएस कॅसेटवर असेल आणि ते एका डिस्कवरच हवे असेल, तर काय करायचे? याचे उत्तर डीव्हीडीच्या नियमांतच आहे, आणि ते फार थोडे लोक वापरतात याचे नवल वाटते. डीव्हीडीला ३५२ × ५७६ ही अर्ध्या रुंदीची फ्रेमही चालते. दाखवताना प्लेअर ती आडवी ताणून पडदाभर करतो. व्हीएचएसचा आडवा तपशील मुळातच सुमारे २४० रेषांचा. पूर्ण रुंदीला मोजला तर ३२० पिक्सेलांत मावण्याएवढा. तो ७२० पिक्सेलांत भरला, तर निम्म्याहून अधिक पिक्सेल खरखराट आणि पोकळ जागा जपण्यात जातात. अर्ध्या रुंदीत तीन तास भरले, तरी दर पिक्सेलला ०.६० बिट येतात, पूर्ण फ्रेमच्या दोन तासांपेक्षा जास्त. यावर जाणकारांचा आक्षेप असा, की रुंदी कमी करताना थोडी कोवळीक, थोडी धार जातेच. जाते, हे खरे. पण धार किंचित बोथट झालेला चेहरा चेहराच राहतो. ठिगळांत फुटलेला चेहरा ओळखता येत नाही. या दोहोंत निवड करायची असेल, तर व्हीएचएसच्या बाबतीत अर्धी रुंदी मला निःसंशय योग्य वाटते. मिनी-डीव्ही कॅमेऱ्याच्या चित्रणाला मात्र हा उपाय लावू नये. तिथे तपशील खरोखरच ७२० च्या तोलाचा असतो. त्याला दोन तासांहून कमीच वेळ द्यावा आणि जास्त असेल तर सरळ दोन डिस्क कराव्यात: एकीवर लग्नविधी, दुसरीवर स्वागतसमारंभ. ही विभागणी पाहणाऱ्यालाही सोयीचीच पडते.

सॉफ्टवेअरवर भिस्त ठेवणाऱ्यांचे म्हणणे असे, की ‘टू-पास व्हेरिएबल बिटरेट’ निवडले की एन्कोडर आधी सगळा कार्यक्रम पाहून घेतो आणि मग अवघड जागी जास्त, सोप्या जागी कमी बिट देतो. मग तासांची चिंता कशाला? पद्धत उत्तम आहे, दीड तासाच्या पुढच्या प्रत्येक डिस्कला ती वापरावीच. पण ती वाटणी करते, कमाई नाही. अक्षतांना वाढवून दिलेले बिट पंगतीतून काढून आणायचे, तर पंगतीत शिल्लक हवी. कॅमेरा खांद्यावर घेऊन फिरत केलेल्या चित्रीकरणात सोपी जागा शोधूनही सापडत नाही; सगळेच हलते. तासाभराच्या डिस्कला तर टू-पासची गरजच नसते, कारण स्थिर बिटरेटनेही प्रत्येक सेकंदाला भरपूर मिळते. ‘फिट टू डिस्क’ हे बटणही तेवढेच करते: वरचा भागाकार. समोर व्हीएचएस आहे की डीव्ही, कीर्तन आहे की विसर्जन, हे त्याला ठाऊक नसते. तयार प्रीसेटची गोष्ट त्याहून वेगळी. एफएफएमपेग या मोफत साधनात पाल-डीव्हीडी हे लक्ष्य निवडले, तर चित्राला सरासरी ६० लाख, कमाल ९० लाख आणि आवाजाला ४ लाख ४८ हजार बिट धरले जातात. आकडे चांगले आहेत, पण त्यांनी आपली डिस्क साधारण दीड तासात भरते. अडीच तासांचा कार्यक्रम असा एन्कोड केला, तर तो डिस्कवर मावत नाही आणि मग लोक आकार घटवणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅममधून तो पुन्हा दाबून घेतात. दोनदा दाबलेले चित्र एकदाच योग्य बिटरेटने दाबलेल्या चित्रापेक्षा खराब निघते. तो भागाकार सुरुवातीला केला असता, तर दोन मिनिटे लागली असती.

विकत आणलेल्या डीव्हीडीवर तीन तासांचा हिंदी चित्रपट स्वच्छ दिसतो, हाही नेहमीचा दाखला. ती डिस्क बहुधा दोनपदरी, ८.५ जीबीची असते. चित्रपट नीट प्रकाशात, स्थिर कॅमेऱ्याने घेतलेला असतो. आणि एन्कोड करणारा माणूस अवघड प्रसंग एकेक करून तपासतो. घरी दोनपदरी कोरी डिस्क वापरता येते, नाही असे नाही. पण ती महाग, जुन्या प्लेअरांत तिचे वाचन बेभरवशाचे, आणि पदर बदलताना चित्र क्षणभर अडखळते. दोन साध्या डिस्क त्यापेक्षा बऱ्या.

मग उलट टोकाला जाऊन प्रत्येक डिस्क कमाल ९८ लाखांवरच करावी का? तेही नको. चित्र आणि आवाज मिळून १ कोटी ८० हजार बिटांच्या पुढे जायचे नाही, हा नियम. त्याच्या अगदी काठावर चालणारी डिस्क प्लेअरला श्वास घ्यायला जागा ठेवत नाही. घरी बर्न केलेल्या डिस्कवर खुणा रंगद्रव्याच्या थरात उमटतात, कारखान्यातल्या डिस्कसारख्या साच्यातून दाबलेल्या नसतात. त्यामुळे वाचताना चुका जास्त होतात आणि त्या बाहेरच्या कडेकडे वाढत जातात. चूक सुधारायला प्लेअरला पुन्हा वाचावे लागते आणि बिटरेट टोकाचा असेल तर तेवढा वेळ त्याच्यापाशी नसतो. चित्र थबकते. म्हणून कमाल ८० ते ८५ लाखांवर बांधून टाकावी, डिस्क काठोकाठ भरू नये आणि वर कागदी लेबल तर मुळीच चिकटवू नये. शिवाय व्हीएचएसवर जे नव्हतेच ते ९८ लाखांनीही येणार नाही.

आवाजाचा विचार बहुतेक जण करतच नाहीत, आणि तिथे मोठी गळती असू शकते. न दाबलेला पीसीएम आवाज सेकंदाला १५ लाख ३६ हजार बिट घेतो. डॉल्बीचा एसी-३ सव्वादोन लाखांत भागवतो. दोन तासांच्या लग्नाच्या डिस्कवर पीसीएम ठेवला, तर चित्राच्या सत्तेचाळीस लाखांतले तेरा लाख त्यात जातात, आणि कशासाठी? बँडचा गोंगाट आणि कॅमेऱ्याच्या छोट्या माइकने टिपलेली गर्दी. शास्त्रीय गायनाच्या बैठकीचा हिशेब अगदी निराळा. गायक बसलेला, कॅमेरा स्थिर, चित्राची मागणी थोडी. तंबोऱ्याचा झंकार मात्र पूर्ण यायला हवा. तिथे पीसीएमला दिलेले तेरा लाख सार्थकी लागतात. नाटकाच्या चित्रीकरणात गोम वेगळी आहे: रंगमंचाचा काळोख. काळ्या-करड्या छटांमध्ये एन्कोडर कंजूषपणा करतो, तिथे चौकोन तरंगताना दिसतात. म्हणून तीन अंकी नाटक एका डिस्कवर कोंबू नये, मध्यंतराला तोडावे.

बिटांशी संबंध नसलेली दोन सेटिंग्ज अशी, की ती फक्त बरोबर असतात किंवा चूक. पहिले फील्डचा क्रम. जुन्या कॅमेऱ्यांचे चित्र सेकंदाला ५० अर्ध्या फ्रेमांनी, म्हणजे फील्डांनी बनते. मिनी-डीव्हीत खालचे फील्ड आधी येते. व्हीएचएसवरून कॅप्चर कार्डाने घेतलेल्यात बहुधा वरचे. हा क्रम उलटा पडला, की चालणारा माणूस पुढेमागे थरथरत चालतो. संगणकाच्या पडद्यावर रेघा दिसतात म्हणून फील्ड एकत्र करून टाकण्याचा मोह होतो, पण मग हालचालीचा निम्मा गुळगुळीतपणा कायमचा जातो. डीव्हीडीला फील्ड जसेच्या तसे चालतात, त्यांना हात लावू नये. दुसरे सेटिंग आपली पाल पद्धत की अमेरिकेतली एनटीएससी, हे. अमेरिकेतल्या मुलीला डिस्क पाठवायची असेल तर तिच्याकडचा प्लेअर पाल डिस्क घेईलच असे नाही. इथे लोक रीजन कोडला दोष देतात, पण घरी केलेल्या डिस्कवर रीजनचे बंधन नसते. अडचण २५ आणि २९.९७ फ्रेमांची असते. रूपांतर करून हालचाल बिघडवण्यापेक्षा पाल डिस्कच पाठवून ती संगणकावर लावायला सांगणे बरे, संगणकाला दोन्ही चालतात. इकडचे प्लेअर सहसा दोन्ही वाचतात, म्हणून हा प्रश्न एकतर्फी आहे.

पेनड्राइव्हच्या जमान्यात डीव्हीडीचा इतका खल कशाला, असे म्हणणाऱ्यांचे अर्धे म्हणणे मला मान्य आहे. जपणुकीसाठी डीव्हीडी नव्हेच. त्यासाठी कॅसेटवरून घेतलेली मूळ फाइल हार्ड डिस्कवर, तीही दोन ठिकाणी, ठेवायला हवी. डीव्ही असेल तर तासाला तेरा जीबी जागा लागेल, ती द्यावी. पण आजीच्या खोलीत डीव्हीडी प्लेअर आहे, रिमोटवरचे एक बटण तिला ठाऊक आहे, आणि डिस्क आत सरकवली की कार्यक्रम सुरू होतो. तिच्यासाठी केलेली डिस्क नीट दिसावी, ही अपेक्षा काही जास्त नाही. आणि घाईही आहे. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने, फुनाईने, जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. चालू स्थितीतली यंत्रे कमी होत आहेत आणि कोकणातल्या, मुंबईतल्या पावसाळी हवेत कॅसेटवर बुरशी धरते. काही कॅसेटींच्या बाबतीत आपण करू तेच शेवटचे वाचन ठरेल, म्हणून फाइल आधी, डिस्क नंतर.

डिस्क करण्यापूर्वी पूर्ण कार्यक्रम एन्कोड करायची गरज नाही. अक्षतांची दोन मिनिटे आणि कमी उजेडातली दोन मिनिटे कापून घ्यावीत, ठरवलेल्या बिटरेटने एन्कोड करावीत आणि पुसून पुन्हा वापरता येणाऱ्या डिस्कवर घालून ज्या टीव्हीवर ती लागणार आहे त्याच टीव्हीसमोर नेहमीच्या अंतरावर बसून पाहावीत. चेहरे टिकले तर बाकीच्या तासांची काळजी नको. फुटले, तर बिटरेट वाढवायचा. आणि वाढवायला जागा नसेल, तर दुसरी कोरी डिस्क घ्यायची.